अनंत चतुर्दशीच्या फायली

मला टायपिंग येत होतं, एवढाच माझा गुन्हा. त्यापायी खात्यानं मला पुण्याला संगणक-तपासाच्या शिबिराला धाडलं, आणि तिथून परत आलो तेव्हापासून जालना जिल्ह्यात पोलिसांनी जप्त केलेलं प्रत्येक मशीन माझ्याच गळ्यात पडू लागलं. मशीनच कशाला, कुणाच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी फोन मलाच. निवृत्ती जवळ आली होती, पित्तानं छळलं होतं, आणि या डब्यांचं कौतुक तर कधीच संपलं होतं. हवालदार आहोत, हवालदार म्हणूनच घरी जाणार, मग ही हमाली कशाला, असं रोज म्हणायचो आणि रोज करायचो.

दोन हजार पाच सालच्या नवरात्रात फोन आला तो मंठ्याकडच्या एका ठाण्यातून. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. एसटीत उभ्यानं निम्मा रस्ता गेला. ठाण्यात पोचलो तर साहेबांनी बसासुद्धा म्हटलं नाही.

"हवालदार, एकच बघायचंय," ते म्हणाले. "सत्तावीस सप्टेंबरला दुपारी या मशीनवर काम झालंय का? हो की नाही, तेवढं सांगा आणि चारच्या बसनं परत जा."

प्रकरण साधं होतं. काकासाहेब म्हणून गावातले एक वजनदार गृहस्थ. सत्तावीस तारखेला दुपारी अडीचच्या सुमारास मळ्याच्या वाटेवर कुणीतरी मागून येऊन त्यांच्या डोक्यात काठी घातली. मारणारा त्यांना दिसला नाही. पण त्या आठवड्यात चहाच्या टपरीवर त्यांची गजानन नावाच्या पोराशी कडाक्याची बोलाचाली झाली होती. गणपतीच्या हँडबिलावर त्यांचा फोटो काळा आला, यावरून. शुद्धीवर आल्या आल्या काकासाहेबांनी त्याचं नाव घेतलं. गजानन गावातलं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान सांभाळायचा. अठ्ठावीसला संध्याकाळी त्याला उचलला, खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावलं. त्याचं म्हणणं एकच होतं: मी त्या वेळी दुकानात कंप्यूटरवर काम करत होतो. साक्षीदार कुणी नाही, कारण शटर अर्धं खाली होतं.

आता राहिलं मशीन. ते खरं बोललं तर पोरगं सुटणार, नाहीतर दहा वर्षं आत.

फाईलला तीन तारखा असतात. कधी जन्मली, शेवटचा बदल कधी झाला, आणि शेवटची कधी उघडली. नुसती उघडून पाहिली तरी तिसरी बदलते, म्हणून मूळ डिस्कला हात लावायचा नाही, तिची नक्कल करायची आणि नकलेवर काम करायचं. हे मी साहेबांना समजावू लागलो तेव्हा ते पेपर वाचत होते. नक्कल होईपर्यंत जेवणाची वेळ टळली.

सत्तावीस सप्टेंबरला एकही फाईल नव्हती. अठरापासून पुढं कुठल्याच दिवशी नव्हती. सतरा सप्टेंबरला मात्र फायलींचा नुसता पूर होता.

"म्हणजे दुकान बंद होतं. पोरगं खोटं बोलतंय," साहेब खूश होऊन म्हणाले. "तसं लिहून द्या."

लिहून द्यायला हवं होतं आणि बस धरायला हवी होती. पण तो सतरा सप्टेंबर मला खटकला. त्या वर्षी मुक्तिसंग्राम दिन आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली होती. सकाळी झेंडावंदन, दुपारपासून विसर्जनाची मिरवणूक. मी स्वतः जालन्यात बंदोबस्ताला उन्हात उभा होतो, पाय अजून दुखत होते. अशा दिवशी कोण एवढ्या फायली करत बसतं? त्यात सकाळी अकराला तीन वेगवेगळ्या फायली एकाच मिनिटाला सेव्ह झालेल्या. दुपारीही तेच. एका कीबोर्डवर तीन माणसं कशी बसतील? डोकं चालेना म्हणून मी चहा प्यायला स्टँडवर गेलो.

तिथं खांबावर एक कागद चिकटवलेला होता. 'दुःखद निधन. गिरिजाबाई यांचे दि. २७ सप्टेंबर रोजी पहाटे वृद्धापकाळाने निधन झाले.' खाली बारीक अक्षरात टाईप करणाऱ्या दुकानाचं नाव. गजाननच्याच दुकानाचं.

चहा तसाच टाकून मी ठाण्यात आलो. ती फाईल सापडली. जन्म सतरा सप्टेंबर, सकाळी अकरा चाळीस. बाई मरायच्या दहा दिवस आधी तिच्या निधनाचा कागद तयार! मला हसू आलं आणि लगेच वैतागही आला, कारण आता चारची बस गेली हे कळून चुकलं.

मग डिस्क काढून ठेवली आणि नुसतं मशीन चालू करून त्याचं घड्याळ पाहिलं. तारीख अकरा दिवस मागं होती. पण तास आणि मिनिटं माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळत होती. म्हणजे कुणीतरी हातानं तारीख मागं नेली होती, आणि वेळेला धक्का लावला नव्हता.

साहेबांनी बोटांवर हिशेब केला. "मग सगळ्यांत अकरा मिळवा. सतरा अधिक अकरा, अठ्ठावीस. सत्तावीसला काहीच नाही. झालं?"

"झालं नाही साहेब. दहा-अकरा दिवसांचं काम एकाच तारखेवर साचलंय. तारीख रोज सकाळी नव्यानं मागं नेलेली दिसते."

"दिसते म्हणजे? कोर्टात दिसते चालत नाही. आणि मशीन तारखेला खोटं बोलतं, तर वेळेला खरं बोलतं कशावरून? ज्यानं हे केलं त्याला आणा."

बोलणं रागाचं होतं, पण चूक नव्हतं. मी कोठडीकडं गेलो. पंचविशीचं पोरगं, दाढी वाढलेली, गुडघ्यांत मान घालून बसलेलं.

"गजानन, मशीनची तारीख कोण बदलायचं?"

"बॅटरी गेल्ती साहेब."

"बॅटरी गेली की मशीन कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन बसतं, आणि वेळही हुकते. तुझं मशीन नेमकं अनंत चतुर्दशीवर जाऊन बसतं आणि मिनिटं बराबर दाखवतं. बॅटरीला पंचांग कळतं होय रे?"

मी दाराशीच टेकून उभा राहिलो. कंबर भरून आली होती.

"आबांना काई इचारू नका साहेब," तो शेवटी म्हणाला. "त्यायला बीपी हाय."

मी आबांचं नावच काढलं नव्हतं. आबा म्हणजे त्याचे वडील, बद्रीनाथराव. मी निघालो तसा तो उठून गजांपाशी आला.

"आबा रोज डबा घेऊन येतेत," तो हळूच म्हणाला. "साहेबांपाशी काई बोलले का ते?"

"काय बोलायचं होतं त्यांना?"

"काई न्हाई. सहज इचारलं."

त्या रात्री लॉजवर ढेकणांनी झोपू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानावर गेलो. दुकान आणि घर एकाच इमारतीत. शटरवर पाटी तशीच लटकत होती: 'पितृपक्षात नवीन काम घेतले जाणार नाही. मयताचे काम करून मिळेल.' पक्ष सरून घट बसले होते, पाटी काढायचं भान कुणाला नव्हतं.

बद्रीनाथराव गावात पंचांग सांगणारे. लग्नाची तीथ, घरभरणी, विहिरीचा नारळ, सगळं त्यांना विचारून. पक्षात कुणी नवी मोटारसायकल घेतली तर त्याला चारचौघांत बोलणारा हा माणूस. बाजेवर बसले होते, कपाळाला गंध, डोळे मात्र खोल गेलेले. त्यांच्या बायको पुष्पाबाई उंबऱ्यात बसून डबा भरत होत्या.

"मशीन बिघडलं असंल साहेब," ते म्हणाले. "मला त्यातलं काई कळत न्हाई."

"तारीख बदलायला कळतं का?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पुष्पाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं आणि डब्याचं झाकण लावायचं थांबल्या. मला सगळं तिथंच कळलं. तरी माणसानं आपल्या तोंडानं सांगावं लागतं.

आदल्या संध्याकाळी नकलेत जे सापडलं, ते मी त्यांना शांतपणे सांगायचं ठरवून गेलो होतो, आणि तसं सांगितलं. फाईल जन्मली की डिस्कच्या यादीत तिला जागा मिळते, आल्या क्रमानं, रेशनच्या रांगेत मिळते तशी. तारीख खोटी टाकली तरी रांग बदलत नाही. त्या रांगेत आधी गिरिजाबाईंचा कागद आहे, सत्तावीसला सकाळी केलेला. त्याच्यामागं नवरात्राचं एक हँडबिल, दुपारी एक दहाला सुरू केलेलं आणि तीन वीसला संपलेलं. त्याच्यामागं कडूबा नावाच्या माणसाच्या निधनाचा कागद, सकाळी नऊचा. कडूबा सत्तावीसला रात्री वारला, म्हणजे तो कागद अठ्ठावीसच्या सकाळचा. दोन मयतांच्या मधली दुपार सत्तावीसचीच असणार. हँडबिल चालू असताना मशीन दर दहा मिनिटांनी आपसूक नकला ठेवत गेलं, त्या पुसल्या तरी त्यांचा माग शिल्लक होता. सलग दोन तास कुणीतरी टाईप करत होतं, आणि या घरात टाईप करता येतं ते एकट्या गजाननला.

"तुमचं पोरगं त्या वेळी मशीनपुढं होतं," मी म्हणालो. "मशीन ते सांगतंय. फक्त रोज सकाळी तारीख कुणी मागं नेली, आणि वेळेला हात लावला नाही, हे एका माणसानं लिहून द्यायचंय."

"म्हंजे पक्षात हँडबिल केलं, आसं लिहायचं?"

"हो."

"मंग गावात मी कोन्त्या तोंडानं फिरू? तीस वर्षं झाले लोकायला सांगून राह्यलो..."

माझं डोकं फिरलं. "तिकडं पोराला दहा वर्षं लागायची वेळ आलीय आणि तुम्हाला तोंडाचं पडलंय? रोज डबा घेऊन जाता, साहेबांच्या टेबलापासून चार हातांवर उभे राहता, आणि एक वाक्य बोलवत नाही?" आवाज इतका चढला की शेजारचा टेलर बाहेर आला. बद्रीनाथराव उठून आत गेले आणि देवघरापाशी बसले. मी पण उठलो. मला काय, माझं पोरगं थोडंच होतं ते?

अहवाल लिहिला. साहेबांनी वाचून बाजूला ठेवला. "अंदाज आहे," म्हणाले. रविवार असाच गेला. सोमवारी सकाळी बस धरण्याआधी का कोण जाणे, पाय पुन्हा त्या दुकानाकडं वळले.

पुष्पाबाई दारातच होत्या. हातात डबा. बद्रीनाथराव डबा घ्यायला हात पुढं करून उभे होते, आणि त्या देत नव्हत्या.

"या दादा," त्या मला म्हणाल्या. "बरं झालं आले. तुमच्यापुढंच सांगते ह्यायला." मग नवऱ्याकडं वळल्या. आवाज मुळीच चढलेला नव्हता. "आवो, मशीनची तारीख तुम्ही रोज मागं नेता ना? मंग एकदा माझ्या लेकराची बी नेऊन दावा. त्याला धरून नेलं त्याच्या आदल्या दिवसाची. येतंय का ते? न्हाई ना येत? मंग डबा मी नेते. तुम्ही तिथं जाऊन काय बोलायचं ते बोला, न्हाईतर घरी बसा."

मला त्या बाईकडं बघवेना. बद्रीनाथराव बराच वेळ हात तसाच पुढं धरून उभे राहिले. मग आत गेले, धुतलेला सदरा घालून आले, टोपी घातली आणि म्हणाले, "चला साहेब."

ठाण्यात त्यांनी सगळं सांगितलं. नवरात्राची हँडबिलं पक्षातच करावी लागतात. गिऱ्हाईक वडीगोद्रीचं, घटस्थापनेच्या आधी माल पाहिजे म्हणून अडून बसलेलं. परत पाठवलं तर पुढच्या वर्षी जालन्याला जाणार.

"मंग मीच तोड काढली," ते म्हणाले. "पक्ष मशीनला लागूच द्यायचा न्हाई. सकाळी आंघोळ करून यायचं, उदबत्ती लावायची, तारीख अनंत चतुर्दशीवर ठेवायची. काम त्या दिशीच सुरू झालं आसं धरायचं. दुसऱ्या दिशी परत तेच. घट बसले की गजानन तारीख बराबर करायचा. वेळेला मी हात लावत नव्हतो. देवाशपथ."

"किती वर्षं?" साहेबांनी विचारलं.

"मशीन आल्यापून."

साहेबांनी मशीन लावायला सांगितलं, मी नकलेची डिस्क बसवून ते चालू केलं. बद्रीनाथरावांनी चपला बाहेर काढल्या, मशीनला हात जोडले आणि माऊस धरला. एवढं एकच काम त्यांना येत होतं, पण ते सराईतासारखं आलं. तारीख सतरावर गेली, मिनिटं जागच्या जागी राहिली. कोपऱ्यात उभे असलेले दोन शिपाई तोंडाला रुमाल लावून हसत होते. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर होणार, हे त्यांना दिसत होतं आणि मलाही. साहेब मात्र हसले नाहीत. "लिहून घ्या," मला म्हणाले, आणि पहिल्यांदाच खुर्ची पुढं सरकवली.

मी जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला. सही करायला पेन दिलं तर ते धरूनच बसले. साहेब बाहेर गेल्यावर माझ्याकडं झुकले.

"साहेब, एक इनंती व्हती. खाली तारीख टाकाल ना, ती एकोणतीस सप्टेंबरची टाकता येईल का? न्हाईतर तीसची तरी टाका."

"कशाला?"

"गजानन वाचंल. त्याला वाटंल, बापानं दुसऱ्याच दिशी सांगितलं. पोलिसांनीच लांबवलं." त्यांनी पेन माझ्या हातात परत दिलं. "मी रोज येत व्हतो साहेब, सांगावं म्हणून. दारापोतर यायचो. मंग समोर कुनी वळखीचं दिसायचं आन् डबा देऊन वापस जायचो."

नोकरीत मी तारखा मागं नेलेल्या पाहिल्या आहेत. कुठं ते सांगत नाही. दोन आकडे लिहिले असते तर या म्हाताऱ्याची रात्रीची झोप वाचली असती, आणि मला तो क्षणभर माझ्या वडिलांसारखा वाटला. पेन कागदाला टेकलं होतं. पण मी या गावात पाऊल ठेवलं तेच ऑक्टोबरात. माझ्या हातचा जबाब सप्टेंबरचा निघाला असता तर वकिलानं तेवढ्यावरच सगळं फाडून टाकलं असतं आणि पोरगं पुन्हा आत गेलं असतं. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी लिहिलं, दहा ऑक्टोबर. त्यांनी खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. ठाण्याच्या बाहेर झेंडूचे ढीग पडले होते, शिपाई बंदुका पुसत होते. गजाननला सोडायचा आदेश दुपारी आला. पुष्पाबाई त्याला न्यायला आल्या होत्या, पोराच्या तोंडावरून हात फिरवून फिरवून त्यांचे डोळे गळत होते. बद्रीनाथराव दाराच्या चौकटीपाशीच थांबले. त्या दिवशीचा डबा त्यांनी आणला होता. आता त्याची गरज नव्हती, तरी आणला होता.

गजानननं सह्या केल्या. मग मला म्हणाला, "साहेब, आबांचा जबाब पाहू का जरा?"

मी कागद पुढं केला. न देऊन काय उपयोग होता? तो सावकाश वाचत गेला. उदबत्तीपाशी जरासं हसला. मग खाली सहीपाशी गेला आणि तिथंच थांबला. अंगठा हाताच्या पेरांवरून सरकू लागला, एका बोटावरून दुसऱ्या बोटावर. कागद त्यानं नीट माझ्याकडं परत दिला.

"गजानन," बद्रीनाथराव दारातून म्हणाले.

तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. रागावलेला नव्हता. फार दमलेला दिसत होता.

"रोज आल्ते आबा तुम्ही," तो म्हणाला. "मला आतून दिसायचं. मला वाटायचं, आज बोलतेन."

गजानननं आईच्या खांद्यावर हात ठेवला. मायलेक झेंडूच्या ढिगांमधून वाट काढत घराकडं निघाले. मागून बरंच अंतर ठेवून बद्रीनाथराव चालू लागले, भरलेला डबा हातात घेऊन. माझा जीव तुटला त्या माणसासाठी. मी जबाब फाईलला लावला आणि बस गाठायला निघालो.